नुसती फोडणी

आई, तुझी गोष्ट मी पोस्टरवर छापली. रागावायचं तर रागाव. इथं नगरला, सावेडीतल्या किराणा दुकानांत, दूध केंद्रावर, दवाखान्याच्या भिंतीवर, सगळीकडे लागलंय ते. त्यात तुझं नाव नाही, माझंही नाही, तरी सकाळी दूध आणायला गेले की मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. जे कुणाला सांगायचं नाही म्हणून तू मला शपथ घातली होतीस, ते आता कुणीही दुधाची पिशवी घेता घेता वाचतंय.

बाबांचा कारखाना बंद पडला, त्या दिवसांतली आपली खोली मला लख्ख आठवते. दिवेलागण झालेली असते, शेजारणी बाहेर ओट्यावर बसलेल्या असतात. तू स्टो पेटवतेस. तव्यावर तेलाचे दोन-चार थेंब, मोहरी, लसणाची सालं, एखादी मिरची आणि वरून पाण्याचा हबका. चर्रर्र! सगळ्या ओळीभर वास. लगेच बाहेरून कुणीतरी विचारतं, "काय गं, काय बेत आज?" आणि तू आतूनच ठसक्यात म्हणतेस, "वांग्याची भाजी हाय, लई झणझणीत झालीया." आत बाबा आणि मी भाकरी-मीठ घेऊन बसलेलो. तू म्हणायचीस, मी मागनं बसते. ते मागनं कधी यायचंच नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली.

एकदा मी मोठ्यांदा विचारलं, "आई, पण वांगं कुठंय?" तू झटकन माझं तोंड दाबलंस. हाताला लसणाचा वास होता. "भायेर बोलायचं न्हाई. आपलं आपल्यापाशी. माझी शपत हाय तुला." त्यानंतर मी बोलले नाही. शाळेत नाही, लग्नानंतर नाही, तू गेलीस तेव्हा रडतानासुद्धा नाही.

आणि गंमत बघ, पोट भरायला मी काम कोणतं धरलं? पुण्यात मसाल्याच्या कंपनीत जाहिराती लिहायचं! लोकांच्या तोंडाला पाणी सुटेल असं लिही, घे पगार. रेडिओवर एक शब्दही न बोलता नुसती फोडणी ऐकवायची, ही कल्पना माझी. साहेबांनी पाठ थोपटली, म्हणाले, कसं काय सुचलं बाई तुम्हाला? मी म्हटलं, सुचलं आपलं असंच.

आता मी परत आपल्या नगरलाच आलेय. हे गेले, मुलगा परदेशात, मी सावेडीतल्या फ्लॅटमध्ये. आम्ही काही बायका मिळून डबे करतो, ज्या म्हाताऱ्यांना करून घालणारं कुणी नाही आणि विकत आणणंही झेपत नाही, त्यांच्यासाठी. पण म्हातारे सापडेनात. सोसायटीत विचारायला गेलं की हसायचे, "सावेडीत कोण उपाशी, काकू? तुम्ही झोपडपट्टीत बघा." मग माझ्यातली जाहिरातवाली जागी झाली. पहिलं पोस्टर मी केलं ते खपाटीला गेलेल्या पोटाच्या पोराचं, इंटरनेटवरून उचललेलं. लोकांनी वाहवा केली आणि जुने कपडे आणून दिले. कपडे! कप्पाळ माझं. डबे मात्र भरलेलेच परत यायचे.

मग आमच्या मागच्या गल्लीतले निवृत्त मास्तर दूध केंद्रासमोर चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही यांच्या. शेजारच्या बाई अगदी मनापासून सांगत होत्या, "असं कसं होईल? रोज त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात की." त्या कुकरात काय असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मास्तर शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले असतील? "जेवलोय मी."

घरी आले आणि पोराचं पोस्टर फाडून टाकलं. नवं लिहायला बसले. दुसरं काही सुचतच नव्हतं गं. तुझी शपथ आठवत होती, लसणाचा वाससुद्धा आला. तरी लिहिलं. "माझी आई रोज नुसतीच फोडणी द्यायची, म्हणून आम्ही उपाशी आहोत हे कुणाला कळलं नाही. वास आला म्हणजे जेवण झालं असं नसतं. एकदा शेजारचं दार वाजवा." एवढंच, फोटोबिटो काही नाही. आणि लोकांनी दारं वाजवली, आई. आता डबे पुरत नाहीत. मास्तर पण घेतात डबा, फक्त चव बघायला घेतो म्हणतात आणि रोज मिठावरून बोलणी ऐकवतात. ऐकून घेते मी, बरं वाटतं.

पण काल संध्याकाळी माझंच दार वाजलं. खालच्या मजल्यावरची सून, हातात झाकलेली वाटी. बिचारी चाचरत म्हणाली, "काकू, रागावू नका हं. रोज तुमच्याकडून फोडणीचा वास येतो, पण ताटवाटीचा आवाज कधी येत नाही. खाली ते पोस्टर वाचलं, म्हणून विचारते. जेवलात का?"

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "हो गं, वांग्याची भाजी केलीय, लई झणझणीत झालीय." तुझाच ठसका. ती ओशाळली, वाटी घेऊन तशीच खाली गेली.

माझा फ्रीज भरलेला आहे, आई. मला काही कमी नाही. सकाळी दहा जणींत बसून डबे भरते, पण संध्याकाळी एकटीसाठी पोळी लाटायला हात उठत नाही. दिवेलागणीला घर इतकं गप्प होतं की मी कढल्यात तेल घालते, मोहरी टाकते. चर्र झालं की घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं. मग गॅस बंद करते आणि चहात टोस्ट बुडवून उभ्याउभ्याच खाते. तू लाजेपायी करायचीस. मी का करते, हे मलाही त्या पोरीनं विचारल्यावर कळलं. एकटी पडलेय गं मी.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर एवढं लिहायचं धाडस केलं. हे कुठं पाठवायचं नाहीये. आज बाजारातून वांगी आणली, खरोखरची भाजी केली, दोघींना पुरेल एवढी. खाली जाऊन तिला बोलवावं म्हणून दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. ते काही जमलं नाही. दार तेवढं उघडं ठेवलंय.