दहावीच्या मार्कशीटवरचं नाव

बाबा, मला लॉ कॉलेजात प्रवेश मिळाला. तोही पार्ल्यात, आपल्या चाळीपासून चालत जाता येईल अशा कॉलेजात. चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि मी राहते बोरिवलीला, पण त्या रस्त्याने जाताना अजून मान आपोआप डावीकडे वळते. तास सकाळचे असतात. ते संपवून मी तशीच बँकेत जाते. हो, त्याच बँकेत, जिच्या परीक्षेचा फॉर्म तुम्ही तुमच्या अक्षरात भरून आणला होतात आणि मला फक्त सही करायला सांगितलं होतंत. वर्गात सगळी माझ्या लेकीच्या वयाची पोरं. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर मागच्या बाकांवरची मुलं उठून उभी राहिली, मॅडम आल्या म्हणून. मी हातानेच बसा म्हटलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. फार मजा आली.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी हा विषय तुमच्यापुढे काढला होता, जेवताना. आपलं स्वयंपाकघर एवढंसं, आई ओट्याशी उभी राहिली की आपल्याला पाय आखडून बसावं लागायचं. मला वकील व्हायचंय, मी म्हटलं. तुम्ही भातात आमटी कालवत राहिलात आणि मान वर न करता म्हणालात, "आमच्या घराण्यात कोण वकील झालो?" कोणी झालं नाही म्हणूनच, मी म्हटलं, आणि मग सुटलेच. मुद्द्याला मुद्दा, एकावर एक. तुम्ही कंपनीतून दमून आलेले, बोलण्यात माझ्याशी कधीच टिकायचा नाहीत. शेवटी भडकलात. "वाद घालूचो असात तर कोर्टात जावन घाल, ताटार नको." वकील होऊ देत नाही आणि वाद मात्र कोर्टात जाऊन घाल, हे कसं काय, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. आईने डोळे मोठे केले म्हणून गप्प बसले. पुढच्याच आठवड्यात बँकेचा फॉर्म आला. मी पास झाले, तुम्ही कंपनीत पेढे वाटलेत, आणि मला तुमचा राग पुष्कळ वर्षं पुरला.

नोकरीचं मी वाईट म्हणत नाही. त्या पगारावर घर झालं, लेकीचं शिक्षण झालं. पण वाद घालायची खोड काही गेली नाही. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली, तेव्हा बिल्डरचा करार मी रोज रात्रीची भांडी आवरल्यावर ओळ न् ओळ वाचून काढला. सभेत उभी राहिले आणि विचारलं, बांधकाम रखडलं तर भाडं कोण देणार, हे यात कुठे लिहिलंय? कुठेच नव्हतं. सोसायटीचे वकील चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुम्ही लॉ केलंय का?" नाही, मी म्हटलं. "मग करा की. वयाची अट नाही आता." त्यांनी ते सहज म्हटलं असेल. मी मात्र घरी येऊन चपला काढायच्या आधी लेकीला विचारलं, कायद्याची सीईटी कशी भरतात गं?

तिने लॅपटॉप उघडला. नवरा टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "आधीच या घरात तुझ्यापुढे कोणाचं काही चालत नाही. आता लायसन्स घेतेस?" पण कागदपत्रांची फाइल त्यानेच कपाटावरून काढून दिली. पहिल्याच पानावर उमेदवाराचं नाव मागितलं होतं, दहावीच्या मार्कशीटवर आहे तसं. लेकीने मार्कशीट हातात घेतली आणि बघतच राहिली. "आई, ही कोण?" मी, म्हटलं. लग्नात माझं सगळंच बदललं ना, बाबा. तुमचं आडनाव गेलं, मधलं तुमचं नाव गेलं, आणि सासरच्यांनी तांदळात नवीन नाव लिहिलं तेव्हा तुम्ही ठेवलेलं नावही गेलं. तेव्हा तसंच असायचं, मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तुम्ही तेवढे शेवटपर्यंत जुन्या नावाने हाक मारत राहिलात. तुमच्यामागे ते नाव कोणाच्या तोंडी राहिलं नाही. "झकास नाव आहे यार, का बदललंस?" लेक म्हणाली, आणि ते नाव तिने एकेक अक्षर करत टाइप केलं. पाणी पिते म्हणून मी उठले.

त्यानंतर रविवार सगळे परीक्षेचे. मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं, लेक माझे सराव पेपर तपासायची आणि चुकलं की तुमच्यासारखीच जीभ टाळ्याला लावून च्यक् करायची. हॉल तिकीट आलं, सेंटर मुलुंडला. आदल्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, चल, सेंटर बघून येऊ. मॅपवर दिसतं की, तो म्हणाला. मॅपवर नळ दिसत नाही, मी म्हटलं. माझ्या दहावीच्या आदल्या दिवशी तुम्ही अर्धी रजा टाकून मला अंधेरीच्या शाळेत नेलं होतंत. "चल गो, सेंटर बघून येवया." तुम्ही आधी पिण्याच्या पाण्याचा नळ शोधलात, मग बाथरूम, मग माझा वर्ग, आणि माझा बाक हाताने हलवून बघितलात. डुगडुगत होता. तुम्ही कागदाची घडी करून पायाखाली सरकवलीत आणि शिपायाला सांगून ठेवलंत, हा कागद काढू नका. मुलुंडचं सेंटर निघालं औद्योगिक वसाहतीत, वरच्या मजल्यावर नुसते कम्प्युटर. वॉचमनने विचारलं, "मुलगी कुठाय?" मुलगी मीच आहे, मी सांगितलं. तो हसला आणि नळ दाखवला.

परीक्षेच्या दिवशी गेटवर अडले. तपासणीला बसलेली मुलगी एकदा हॉल तिकीट बघते, एकदा आधार कार्ड. "मॅडम, नाव वेगळं आहे." लग्नानंतर बदललं, मी सांगते. "आडनाव बदलतं हो. इथे पूर्णच वेगळंय. ही दोन माणसं आहेत. तुम्ही बाजूला थांबा." मी विवाह नोंदणीचा दाखला पुढे करते. तो चालतो की नाही हे विचारावं लागेल, असं ती म्हणते. माझ्यामागची रांग आत चालली आहे आणि गेट बंद व्हायला आलंय. सगळी तयारी, सगळे रविवार, आणि मी बाहेर उभी. मग कसा कोण जाणे, आवाज आपोआप खाली आला. मी म्हटलं, ताई, हॉल तिकिटाच्या मागच्या सूचना वाचता का जरा? नाव बदललं असेल तर विवाहाचा दाखला दाखवावा, असं तुमच्याकडूनच लिहून आलंय. दाखला मी दाखवलाय. आता मला थांबवायचं असेल तर कुठल्या सूचनेप्रमाणे, तेवढं लिहून द्या. तिने मागची बाजू वाचली, साहेबांना बोलावलं, साहेबांनी वाचली. "जाऊ द्या यांना," ते म्हणाले. जिना चढताना मला हसू आवरत नव्हतं. पेपर नंतर होता, पण पहिला खटला मी गेटवरच जिंकले होते. ताटावर नाही हं, बाहेर.

निकाल लागला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. लेकीचा फोन आला, "आई, फोडलंस तू." समोरच्या गिऱ्हाइकाला मी पासबुक दोनदा परत दिलं. संध्याकाळी पेढे नेले, सोसायटीत वाटले, त्या वकिलांच्या घरीही नेऊन दिले. आणि त्या गडबडीत लक्षात आलं की तुमच्यावरचा राग संपलाय. कधी संपला ते कळलं नाही. तुम्ही नको म्हणालात ते घाबरून, हे मला आता दिसतं, कारण लेक काही वेगळं करायचं म्हणाली की मीही आधी नकोच म्हणते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. प्रवेश घेताना कॉलेजातल्या बाईंनी सुचवलं होतं, "दाखला आहेच तुमच्याकडे, एक अर्ज द्या, रजिस्टरला लग्नानंतरचं नाव लावू. पुढे वकिलीच्या सनदेवरही तेच येईल." मी नको म्हटलं. घरी ओळखपत्र बघून नवऱ्याने विचारलं, हे जुनं नाव कसं? मी म्हटलं, नियमच आहे तसा. त्याने मान डोलावली. इतक्या वर्षांत तो माझ्याशी वादात कधी जिंकला नाही, त्यामुळे त्याने विचारलंही नाही कुठला नियम. असा नियम नाही, बाबा.