सोन्याच्या पाण्याची ठुशी

ठाणे, मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८०९

ती. स्व. दादांस,
आनंदाचा कृ. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. वहिनींचा मोरंबा मुलांनी दोन दिवसांत फस्त केला.

मुंबईहून आणलेला गिलिटाचा माल झपाट्याने खपतो आहे. आत तांबे, वर सोन्याचे पाणी. आपण भुवया चढवाल, ठाऊक आहे. पण दादा, मी लबाडी करत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी तोंडाने सांगतो की हे सोन्याचे पाणी आहे.

परवा मिठागरावर राबणारी रखमाबाई आली. नवरा वारला, एकुलती लेक तुळसा, तिचे लग्न आपल्या कल्याणात ठरले आहे. सासरच्यांनी सोन्याची ठुशी मागितली आहे. बाईने स्वतःची नथ पुढे केली. एवढ्याशा नथीत ठुशी कशी व्हायची? मी पाण्याची दाखवली, पाणी आहे म्हणून दोनदा सांगितले. ती खूश होऊन म्हणाली की पाणी तर दिसतेच आहे, केवढे झळकते! नथ देऊन, ठुशी घेऊन आशीर्वाद देत गेली बिचारी.

आपली माया आहेच, ती उणी न व्हावी.

आपला,
आनंद


कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध १०

चि. आनंदास,
धोंडोचे अनेक आशीर्वाद.

मोरंब्याची बरणी परत धाड, नाहीतर तुझी वहिनी स्वतः न्यायला येईल.

अरे शहाण्या, ती बाई काय समजली ते कळले का तुला? मोत्याचे पाणी, हिऱ्याचे पाणी असे आपणच दुकानात बसून बोलतो, ते लोक ऐकतात. पाणी म्हणजे तेज! तू मुलामा सांगितलास, तिने सोन्याची तारीफ ऐकली. नथीत ठुशी दिलीस म्हणून तुला देवमाणूस समजून गेली असेल. तू खोटे बोलला नाहीस, कबूल. पण तिला खरे कळले नाही, आणि ते तुझ्या ध्यानात आले होते. नाहीतर तिचे बोलणे जसेच्या तसे मला कशाला लिहिलेस?

लग्नाआधी जा आणि तांबे हा शब्द तिच्या कानावर घाल. लाज वाटली तरी जा.

रागावलो तरी तुझाच,
धोंडो


ठाणे, मार्गशीर्ष वद्य ४

ती. स्व. दादांस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो, दादा. घरात व्याही बसलेले, मधोमध ताटात ठुशी. रखमाबाईने मला घोंगडीवर बसवले, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि सगळ्यांना सांगितले की या शेटमुळे माझ्या लेकीचे लग्न होते आहे. सर्वांदेखत कसे बोलू? एकटी गाठावी म्हणून थांबलो, तर ती रडायलाच लागली. नवऱ्यामागे आपले म्हणून कोणी दारी आले ते तुम्हीच, असे म्हणाली. मी तसाच परतलो.

लग्न परवा आहे. मला भित्रा म्हणा, पण अंतर देऊ नका.

आपला,
आनंद


कल्याण, माघ शुद्ध ६

चि. आनंदास आशीर्वाद.

व्हायचे ते झाले. काल तुळसेची सासू ती ठुशी घेऊन माझ्याच दुकानात आली. मणी सैल झाले होते, ओवून हवे होते. बरोबर तुळसा होती. सासूने सहज विचारले की सोने चांगले आहे ना? सरळ विचारले की मी सरळ सांगतो, इतक्या वर्षांची सवय. तांबे आहे, म्हणून बोलून गेलो. पोरीकडे मी नंतर पाहिले. आधी पाहायला हवे होते रे.

सासूने संध्याकाळच्याच गाडीने तिला माहेरी धाडले. मी सासूच्या घरी गेलो, खरी ठुशी घडवून देतो म्हणालो, तर आमच्या सुनेचा तुम्हाला एवढा कळवळा का, असे विचारून तिने दार लावले. ती ठुशी माझ्या भावाच्या दुकानची आहे, एवढे मात्र माझ्याने सांगवले नाही. आता तूच रखमाबाईकडे जा आणि सारे कबूल कर.

धोंडो


ठाणे, माघ शुद्ध ९

ती. स्व. दादांस,
सा. न. वि. वि.

मी जाण्याआधी तीच आली, तुळसेला घेऊन. वाटले, तोंडावर थुंकेल. पण तिचे म्हणणे निराळेच. ठाण्याच्या शेटने खरे सोने दिले होते, कल्याणच्या म्हाताऱ्याने मणी ओवताना ते काढले आणि तांबे घातले, असे ती म्हणते.

बाई, ते तांबेच होते, मीच विकले, असे तिला तीन वेळा सांगितले. हात जोडले. खरी ठुशी घडवून देतो म्हणालो, तर ज्याने चोरली त्यानेच द्यावी, असे म्हणाली. शेवटी तो माझा सख्खा भाऊ आहे हेही सांगितले. तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि तुळसेला म्हणाली की पोरी, भला माणूस बघ, भावाचे पाप स्वतःच्या अंगावर घेतो आहे.

उद्या पहिल्या गाडीने ती मिठागरावरची माणसे घेऊन आपल्याकडे येणार आहे. मीही येतो. ओरडून सांगेन, पण माझे कोणी ऐकेल असे वाटत नाही. हे पत्र आजच ओळखीच्या हाती धाडतो आहे. दादा, उद्या दुकान उघडू नका.

लोभ असावा असे लिहायला हात धजत नाही.

आनंद