ताईच्या पत्रांतली बाग

४ फेब्रुवारी

चि. खडूस,
अनेक आशीर्वाद. (ही चतुर्थी विभक्ती आहे, शिवी नव्हे. लहानपणी खडू खायचास म्हणून हे नाव पडलं, त्याला मी काय करू?)

तुझं पत्र मिळालं. उद्यान खात्यात बदली झाल्याचं वाचून मी एकटीच खो खो हसले. घरातलं एकुलतं एक रोप ज्याने पाणी घालून घालून कुजवलं, त्याला आता शहरातल्या बागांचे नकाशे काढायला बसवलंय! असो. गुडघा कसा आहे? जिने चढताना घाई करू नकोस.

माझ्या खिडकीखालच्या बागेबद्दल विचारलंस. बाग कसली, हातरुमाल आहे. चार बाकं, एक मोठं झाड आणि मनात आलं तर पाणी देणारा एक नळ. सकाळी तिथे कप्तान असतात. हे रिटायर झालेले बस ड्रायव्हर, पण अजून बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला आत सरका, आत सरका म्हणतात. दुपारी जिने पुसणाऱ्या सात-आठ बायका येतात. एका इमारतीचं काम संपून दुसरीचं सुरू होईपर्यंत त्यांना तासभर टेकायला दुसरी जागाच नाही. चपला काढून गवतावर पाय पसरतात आणि अशा हसतात की मला माझ्याच मशीनचा आवाज ऐकू येत नाही. त्यांच्यातल्या थोरलीचं नाव मी भोंगा ठेवलंय. संध्याकाळी मुलींचा चेंडू. काल माझ्या खिडकीची काच तिसऱ्यांदा फुटली. खरं सांगते, एखाद्या दिवशी वाटतं, या बागेला भलंमोठं कुलूप ठोकावं आणि सगळ्यांना घरी हाकलून द्यावं!

शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय, म्हणून आवरते. घरच्या दोघींना माझी आठवण सांग.
तुझी
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि इतका मोठ्याने हसलो की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. इथे दिवसभर कागदावर बागा बघायच्या. झाडं म्हणजे गोल, बाकं म्हणजे चौकोन, माणसं कुठेच नाहीत. तुझ्या पत्रात मात्र माणसं आहेत. म्हणून हट्ट करतो, आणखी लिही. कोण किती वाजता येतं, किती जण असतात, किती वेळ बसतात, कोणाचं कोणाशी वाजतं, सगळं लिही. मला गंमत वाटते आणि कामाला जरा जीवही येतो.

गुडघा ठीक आहे. लेकीच्या शाळेच्या ड्रेसची बाही उसवलीय, तुझ्याशिवाय कोणी नीट शिवत नाही. साहेब माझ्यावर खूश दिसतात. मुख्य ड्राफ्ट्समनची जागा रिकामी होणार आहे म्हणे, बघू.

प्रकृतीला जप. तुझ्या मायेचा हात डोक्यावर असू दे.
तुझा
खडू

५ मार्च

चि. खडूस,
अनेक आशीर्वाद.

घे तुझा हिशोब. कप्तान साडेसहा ते नऊ. बायका एक ते दोन, कधी सात, कधी नऊ. मुली पाचपासून अंधार पडेपर्यंत, मोजता येत नाहीत कारण स्थिर राहत नाहीत. भांडणं म्हणशील तर समोरच्या नव्या इमारतीतले लोक हल्ली कुरकुरतात, बाहेरच्या बायका आमच्या बागेत येऊन लोळतात म्हणून. आमच्या म्हणे! ती इमारत उभी राहिली त्याच्या आधीपासून त्या बायका तिथे बसताहेत.

तुला एक सांगितलं नव्हतं. तुझे भाऊजी गेल्यावर तीन महिने मी जिना उतरले नव्हते. तुला पत्रात लिहायचे, सगळं ठीक आहे. एका दुपारी दार वाजलं. भोंगा उभी होती. पिशवीचा बंद तुटला होता, तिला सुईदोरा हवा होता. तिने माझ्याकडे बघितलं, न आवरलेल्या खोलीकडे बघितलं आणि म्हणाली की काज-बटणं काय, खाली बसूनही करता येतात. हाताला धरून घेऊन गेली मला. तेव्हापासून रोज दुपारी मी शिवणाचा डबा आणि पाण्याची कळशी घेऊन खाली जाते. त्यांच्या हसण्याला नावं ठेवते ती त्यांच्यातच बसून. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

मुख्य ड्राफ्ट्समनचं काय झालं ते कळव. लेकीचा ड्रेस पाठवून दे. आमच्यावर अशीच माया ठेव.
तुझी
ताई

२१ जून

खडू,

काल बागेच्या फाटकावर नोटीस लागली. चारही बाजूंनी कुंपण, फाटकाला कुलूप, किल्ल्या फक्त लगतच्या इमारतींतल्या घरमालकांना. कप्तान पालिकेत जाऊन अहवालाची प्रत घेऊन आले आणि आज दुपारी झाडाखाली सगळ्यांना वाचून दाखवली. मीही तिथे होते, मांडीवर शर्ट, बोटांत सुई.

अहवालात लिहिलंय की परिसरातील एका जुन्या रहिवासी स्त्रीने, जी विधवा असून शिवणकामावर उपजीविका करते, लेखी तक्रारी केल्या आहेत. बायकांच्या गोंगाटामुळे तिला स्वतःच्या मशीनचा आवाज ऐकू येत नाही. तिच्या खिडकीची काच तीनदा फुटली आहे. बागेला कुलूप ठोकावं आणि सगळ्यांना घरी हाकलून द्यावं, अशी तिची मागणी आहे. खाली तक्ता, कोण किती वाजता येतं, किती जण, किती वेळ.

कप्तान वाचता वाचता हळू झाले आणि मग थांबलेच. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या विधवा किती आहेत? भोंग्याने अर्धं पाणी प्यायलेला पेला माझ्या कळशीशेजारी ठेवला आणि उठली. तिच्यामागून एकेक जण उठली. दोन वाजायला वीस मिनिटं होती.

अहवालाला नकाशा जोडलाय. झाडाभोवती काढलेली नागमोडी रेघ बघितली. तू सहा वर्षांचा असल्यापासून झाड तसंच काढतोस.

मला फक्त एवढंच सांग की हे तू केलेलं नाहीस.
ताई

२८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. खोटं बोलणार नाही. ते मी केलं.

पण पूर्ण ऐकून घे. नव्या इमारतीतल्या लोकांचा अर्ज दोन वर्षं पडून होता. त्यांना तिथे गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. साहेब म्हणाले की बाग टिकवायची तर ती शिस्तीत ठेवावी लागेल, आणि त्यासाठी एखाद्या जुन्या रहिवाशाची तक्रार फाइलीत हवी. तुझं पत्र माझ्या खणात होतं. मला वाटलं, नाव घालायचं नाही, म्हणजे कोणाला कळणार नाही. कुंपण घातलं तर झाड तरी वाचेल. ते शब्द तूच लिहिले होतेस ताई, मी एकही शब्द पदरचा घातला नाही.

मुख्य ड्राफ्ट्समनची जागा मला मिळाली आहे. हे या पत्रात लिहू नये असं वाटत होतं, पण दुसरीकडून कळलं असतं तर आणखी वाईट वाटलं असतं.

१८ जुलैला सुनावणी आहे. तू येऊ नयेस असं मला वाटतं. उगाच त्रास होईल. किल्ल्या वाटतील तेव्हा पहिली किल्ली तुलाच मिळेल, हे मी बघतो.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र बंद करू नकोस.
तुझा
खडू

२० जुलै

श्री. मुख्य ड्राफ्ट्समन, उद्यान खाते, यांस
स. न.

तू तिथे होतास, पण टेबलाच्या त्या बाजूला. म्हणून या बाजूने काय दिसलं ते लिहिते.

मी कप्तानांबरोबर गेले. बायकांपैकी एकटी भोंगा आली होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसली, आणि माझ्यापासून लांब. आल्या आल्या नोंदवलेलं माझं नाव पुकारल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं की अहवालातले शब्द माझे आहेत. ते मी घरच्या माणसाला थट्टेत लिहिले होते, पालिकेला नाही. त्याच पत्रांत दुसरंही बरंच लिहिलं होतं, ते कोणी उतरवून घेतलं नाही. त्या बायका नसत्या तर मी आज इथे उभी राहिले नसते. माझी कसलीही तक्रार नाही, नव्हती, आणि तसं मी लिहून देते.

अधिकाऱ्यांनी विचारलं की मग ही पत्रं खात्यात आली कशी. मला वाटलं, आता तू उठशील. त्यांनी तुझ्याकडे वळून विचारलं की तुम्ही या बाईंना ओळखता का.

तू कागदावरून नजर न काढता म्हणालास की नाही, एक रहिवासी एवढीच माहिती आहे.

लहानपणी तुझी बोथट पेन्सिल मी टोकदार करून द्यायचे. तुझ्या शर्टाला त्या दिवशीही माझ्या हातची बटणं होती, समोरून दिसत होती. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मी एक शब्द बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती. मी बोलले नाही. त्याचे आभार मानू नकोस. तुझ्या लेकीचा विचार केला, तुझा नाही.

खाली आल्यावर कप्तानांनी विचारलं की कोण होतं ते घरचं माणूस. मी सांगितलं की माझं तिथे कोणीही नाही.

ताई

२ ऑगस्ट

ती. ताई,
सा. न.

त्या दिवशी शब्द तोंडातून निघून गेला. साहेब शेजारी बसले होते. रोज सकाळी ठरवतो की आज जाऊन खरं सांगायचं, आणि टेबलाशी पोचेपर्यंत ते ठरवलेलं विरून जातं. मी भित्रा आहे, हे तुला माझ्याआधीपासून ठाऊक असेल.

तू लिहून दिल्यामुळे कुलूप रद्द झालं. कुंपण मात्र मंजूर झालंय, ते मला थांबवता आलं नाही. तुझी सगळी पत्रं या पाकिटात परत पाठवतो आहे. एकही ठेवलेलं नाही. बायका आता पुन्हा बसतात का? त्यांचं हसणं ऐकू येतं का? तेवढं एक कळव.

आशीर्वाद मागायची हिंमत नाही.
खडू

३० ऑगस्ट

खडू,
आशीर्वाद. ते मोठ्या बहिणीने द्यायचेच असतात, मागावे लागत नाहीत.

पत्रं मिळाली. लेकीचा ड्रेस वेगळ्या पाकिटाने पाठवलाय. बाहीला आतून दुहेरी शिवण घातलीय, आता उसवणार नाही.

कुंपण उभं राहिलं. फाटक उघडं असतं, पण नव्या इमारतीचा रखवालदार तिथे खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो की कुठल्या इमारतीतले तुम्ही. विचारू नको असं कोणी त्याला सांगितलेलं नाही. कप्तान त्याच्याशी रोज हुज्जत घालून आत जातात. मुली पलीकडच्या रस्त्यावर खेळतात. बायका पहिल्या दिवशी आल्या, त्याचा प्रश्न ऐकला आणि परत फिरल्या.

आता त्या बस डेपोच्या मागच्या भिंतीशी बसतात. गवत नाही, डिझेलचा वास आहे, सावली मात्र आहे. मला शोधायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी कळशी आणि शिवणाचा डबा घेऊन गेले. मी बसले तशा सगळ्या बोलायच्या थांबल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मी रोज गेले. खाली मान घालून काज करायची, दोन वाजता उठून यायचं.

काल भोंग्याने तिची पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि मला भिंतीला टेकायला जागा केली. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मग तिने विचारलं की बाई, हेही लिहिणार का कोणाला.

मी म्हटलं, नाही.

मग त्या बोलायला लागल्या. काय बोलल्या ते मी तुला कळवणार नाही. यापुढे माझ्या पत्रांत माझी तब्येत असेल आणि तुझ्या गुडघ्याची चौकशी असेल.

गुडघा कसा आहे?
ताई