सहाव्या मजल्यावरचा पाटा

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळ, ७.१०
टिक् टिक् टिक्. टिक् टिक् टिक्. या आवाजाने जाग आली. पाट्याला टाकी लावण्याचा आवाज. चिंचपोकळीच्या चाळीत वर्षातून दोनदा ती बाई यायची. गॅलरीत बसून हातोडी-छिन्नीने गुळगुळीत झालेल्या पाट्यावर पुन्हा बारीक खाचा पाडायची. आई म्हणायची, मेल्या, डोळे मीट, कण उडतील. मी डोळे मिटून त्या ठेक्यावर शाळेतली कविता म्हणायचो. एक मात्रा इकडची तिकडे होत नसे.
पूर्ण जागा झालो तेव्हा कळलं, लिफ्टवाले ठोकाठोक करत आहेत. जुनी लिफ्ट काढली. नवी २० मार्चला. तोवर मी मुलुंडला सहाव्या मजल्यावर. गुडघेही इथेच.
नीला शनिवारी मुलीकडे, रेवतीकडे, कांदिवलीला गेली. दोन दिवसांसाठी. लिफ्टची नोटीस खाली बोर्डावर होती. मी वाचली होती. तिला सांगायचं राहिलं.

तोच दिवस, ११ वाजता
नीलाचा फोन. आधी नोटिशीबद्दल बोलली. ते इथे लिहीत नाही. मग म्हणाली, तुमचे गुडघे उतरायचे नाहीत, माझे चढायचे नाहीत, कपाटात तयार भाज्यांची पाकिटं आहेत, गरम पाण्यात सोडा आणि खा.
एक्केचाळीस वर्षं मी या घरात पाकिटांविरुद्ध एकटा उभा आहे. आलं-लसणाची पेस्ट, नारळाच्या दुधाची पावडर, तयार वाटण. आज काय म्हणून वाकू? सांगितलं, पाकिटाला हात लावणार नाही. आईच्या पाट्यावर वाटीन आणि आईच्या चवीचं जेवीन.
ती म्हणाली, बघा हं, बाल्कनीतल्या त्या धोंड्याच्या जागी मला वॉशिंग मशीन ठेवायचंय, बारा वर्षं अडवून बसलायत. लिफ्ट चालू होईपर्यंत एक जरी पाकीट फोडलंत, तर पाटा घराबाहेर. नाही फोडलंत, तर मी जन्मात त्याचं नाव काढणार नाही.
मंजूर म्हणालो. मागून रेवतीचा आवाज आला, बाबा, जरा विचार करा.
विचार करण्यासारखं यात काही नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
पाट्यावर पंधरा वर्षं तुळशीची कुंडी होती. ती ढकलून बाजूला केली, पाटा धुतला. आईचा पाटा मधोमध खोलगट होता अशी आठवण. हा सपाट आणि चकचकीत. दगडालाही वय असतं.
ओलं खोबरं, धणे, मिरी, लसूण. अर्धा तास वरवंटा फिरवला. खोबरं जसंच्या तसं, फक्त जागा बदलत होतं. अंगठा मात्र चांगला वाटला गेला.
निष्कर्ष: पाट्याला टाकी हवी. टाकीशिवाय वाटण नाही. दोष माझा नाही.
दुपारी दूध-पोहे. उत्तम लागले. पोह्यांची पिशवी हे पाकीट धरत नाहीत.

बुधवार, ५ फेब्रुवारी
भाजीपाल्याची व्यवस्था लावली. जुनी सुतळी सापडली, तिला कापडी पिशवी बांधली. खाली वॉचमन अण्णा आलेलं सामान पिशवीत घालतो, मी सहा मजले वर ओढतो. चाळीत हेच करायचो. तिथे दोनच मजले होते.
स्वयंपाकाची वेळ मोजायला घड्याळ कशाला? इयत्ता सहावीतली झऱ्याची कविता, बारा कडवी, बरोबर चार मिनिटं. मास्तरांनी घोटून घेतली होती. फोडणीत कांदा टाकला आणि सुरुवात केली. सहा कडवी झकास. सातवं आठवेना. ‘खडकाच्या’ने सुरू होतं एवढं आठवतं. ते शोधत खिडकीशी उभा राहिलो. भानावर आलो तेव्हा कांद्याचा कोळसा झाला होता आणि शेजारचं दूध शेगडीवरून ओघळून फरशीवर आलं होतं. झऱ्यासारखं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. दुपार, २.४५
दोन दिवस करपलेलं खाल्लं. छातीत जळजळ.
कपाट उघडलं ते केवळ किती पाकिटं आहेत ते पाहायला. मटार उसळ. मागे लिहिलं होतं, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं. दोन मिनिटं म्हणजे सहा कडवी. सातव्याची गरजच पडत नाही. योगायोग म्हणावा की काय, कळत नाही.
कोपऱ्यावर ‘येथे फाडा’ असं छापलेलं असतं. नीलाची अट ‘फोडण्याची’ होती. मी फाडलं. भाषेचा अभ्यास असला की असे बारकावे ध्यानात येतात.
शिवाय ही टेम्पररी सोय आहे. टाकी लागेपर्यंत.

रविवार, ९ फेब्रुवारी
उसळ आईच्या पितळीत काढली, वर कोथिंबीर पेरली, शेजारी वरवंटा ठेवला आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आईची आठवण.’ खोटं काही नाही. आठवण आलीच होती.
नीलाने अंगठा पाठवला. रेवतीने लिहिलं, बाबा, वाटाणे सगळे एकसारखे दिसतायत, मोजून घेतले का?
मुलीचं लक्ष असतं बापाकडे. बरं वाटलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी
कपाटातली संपली. रेवतीने औषधांसाठी फोनवर जे ॲप टाकून दिलं आहे त्यात भाज्यांची पाकिटंही मिळतात. दहा मागवली. पिशवीवरच्या चिठ्ठीत माझ्याऐवजी रेवतीचं नाव छापून आलं. ॲपची चूक असावी.
पाकिटं तळाशी आणि वर मेथीची जुडी, असं अण्णाला फोनवर बजावलं होतं. पण पिशवी तिसऱ्या मजल्यावर ग्रिलला अडकली, गरगर फिरली आणि जुडी खाली पडली. मानसीचं स्वयंपाकघर नेमकं तिथेच. तिने हात बाहेर काढून पिशवी सोडवली आणि वर बघून म्हणाली, काका, पालक पनीर का? मी त्यापेक्षा छोले घेते, त्याला जास्त ग्रेव्ही असते.
तिला म्हणालो, हे पाहुण्यांसाठी आहे.
ती म्हणाली, सहाव्या मजल्यावर? कोण येतंय, गरुड?
ही मुलगी लहानपणी माझ्याकडे मराठी शिकायला यायची.

सोमवार, १७ फेब्रुवारी
पंधरा दिवस झाले. बाल्कनीपासून दारापर्यंत एकवीस पावलं, वळसा घेतला तर बावीस. रोज साठ फेऱ्या. खाली संध्याकाळी ज्येष्ठांचा कट्टा भरतो. हसण्याचा आवाज वर येतो, विनोद येत नाही. मीही थोडा हसतो.
रिकामी पाकिटं हा नवा प्रश्न. खाली पाठवायची तर तिसऱ्या मजल्यावरून जाणार. पलंगाखाली ठेवतो आहे. रात्री कूस बदलली की कुरकुरतात.
आज संकल्प: उद्यापासून कुळथाची पिठी. कुळथाचं पीठ गावाहून येतं, तेव्हा ते पाकीट नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
पिठीत गुठळ्या. सातवं कडवं.
राजमा.

रविवार, २३ फेब्रुवारी
दोन ओळी सुचल्या.
पाट्यावरी जे वाटण वाटले,
त्यात आईचे हात दाटले.
दुसरी ओळ दाल माखनीचं पाकीट कापताना सुचली. कात्री हातात तशीच ठेवून बराच वेळ उभा होतो. आईचे हात खरंच आठवले. मनगटापर्यंत वाटण लागलेले, आणि कपाळावरची बट ती कोपराने मागे सारायची. तो पाटा हातगाडीवरून चाळीतून इथे आला तेव्हा ती गाडीबरोबर बऱ्याच अंतरापर्यंत चालत गेली होती. वाटेत कुठे आदळेल म्हणून.
पाटा जाऊ द्यायचा नाही. काय वाटेल ते झालं तरी.
दाल माखनी बरी होती. मीठ जास्त.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र
कडक उपास. साबुदाण्याच्या खिचडीचं तयार मिक्स. त्यावर ‘उपासाला चालते’ असं स्पष्ट छापलं आहे, म्हणजे धर्माची हरकत नाही.
नीलाचा फोन आला, काय खाल्लंत? म्हटलं, खिचडी. म्हणाली, साबुदाणा कधी भिजत घातला होता? म्हटलं, काल. म्हणाली, घरात साबुदाणा कुठे होता?
नेटवर्क गेलं. म्हणजे मी घालवलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. मराठी भाषा दिन
कट्ट्याने आग्रह केला, विद्याधरराव, वरूनच दोन शब्द बोला. मीही मोकळाच होतो. बाल्कनीत उभा राहिलो, खाली अण्णाने फोन स्पीकरवर लावला. विषय: वाटण आणि वाङ्मय. म्हणालो, जे आयतं मिळतं ते पोटात जातं, रक्तात जात नाही. टाळ्या पडल्या. एकाने डोळे पुसले असं वाटलं. सहाव्या मजल्यावरून नक्की सांगता येत नाही.
टाळ्या चालू असतानाच डिलिव्हरीवाला आला आणि सर्वांदेखत अण्णाला म्हणाला, सहावा माला, छोले आठ, राजमा चार. मग तो सगळा ऐवज माझ्या डोळ्यांदेखत कट्ट्यासमोरून हळूहळू वर आला.
पुन्हा टाळ्या पडल्या. त्या कशासाठी होत्या याचा विचार करतो आहे.

रविवार, २ मार्च
नीलाने सरळ विचारलं, काही फोडलंत का?
फोडलं नाही, म्हणालो. हे शब्दशः खरं आहे. मग तिने काही विचारू नये म्हणून मीच बोलत राहिलो. म्हणालो, सगळी अडचण टाकीची आहे गं. पाटा पार गुळगुळीत झालाय. हल्ली टाकी लावणारं मुंबईत कोणी उरलेलं नाही, एक कला गेली, एक युग गेलं. आज कोणी टाकी लावून देईल तर उद्या तुला काळ्या वाटाण्याचं सांबारं करून कांदिवलीला डबा पाठवीन, आईची शपथ.
नीला बरं म्हणाली. एवढंच.
तिचं हे ‘बरं’ मला एक्केचाळीस वर्षांत कधी पूर्ण कळलेलं नाही. पण वाद मिटला. टाकी लावणारं कोणी नाही, त्यामुळे पाट्यावर वाटलं का नाहीस असं मला कोणी विचारू शकत नाही. पाटा सुखरूप. अठरा दिवस ढकलायचे.

मंगळवार, ४ मार्च
लिफ्टच्या कामाची मंडळी दुपारी शाफ्टमध्ये डबे उघडतात. वास सहाव्या मजल्यापर्यंत येतो. आज कोणाच्या तरी डब्यात सुक्या बोंबलाची चटणी होती. दाराच्या फटीशी खुर्ची घेऊन बसलो. समोर ताटात पालक पनीर.

गुरुवार, ६ मार्च. दुपार, १२.३०
साडेअकराला बेल वाजली. महिनाभरात पहिल्यांदा. कट्ट्यातलं कोणी सहा मजले चढणं शक्य नाही. लिफ्टवाला असेल असं समजून दार उघडलं.
पन्नाशीची एक बाई. खांद्याला पिशवी, हात गुडघ्यावर, धाप लागलेली. पाणी मागितलं. तांब्याभर प्याली. मग म्हणाली, मी राधा, कांजूरमार्गवरनं आले, नीलाताईंनी पाठवलंय, रेवतीताईंच्या बिल्डिंगीत माझी बहीण कामाला आहे, तिच्याकडनं पत्ता लागला. पिशवीतून हातोडी आणि छिन्नी काढली. पाटा कुठाय, आजोबा?
मी बाल्कनी दाखवली.
ती पाट्यापाशी बसली, हात फिरवला आणि माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, हा उलटा हाय.
मग वरवंट्याचा आधार घेऊन तिने तो एका बाजूने उचलला आणि सुलटा केला. मधोमध खोलगट. आईच्या हाताने झिजलेला. खाचा अजून शाबूत. आणि तेव्हा मला आठवलं, कुंडीचा डाग पडू नये म्हणून पंधरा वर्षांपूर्वी पाटा मीच उलटा केला होता.
राधा म्हणाली, टाकी तशी बरी हाय, पण ताईंनी आधी एक काम सांगितलंय. पलंगाखाली बघायचं. पाकिटं नसली तर टाकी लावायची, असली तर पाटा मला घेऊन जायचा.
मी म्हणालो, पलंगाखाली धूळ आहे, तुला त्रास होईल.
ती वाकलीच. बराच वेळ वाकून होती. उठून म्हणाली, आजोबा, सगळी एकट्याने?
ताईंना फोन लावला. हो ताई. हो. नाय ताई, मोजत नाय बसत आता. मग फोन माझ्याकडे दिला. नीला म्हणाली, ॲप रेवतीच्या नावावर आहे हो. पहिल्या ऑर्डरपासून सगळं दिसतंय, आणि तुमची लपवायची जागा एक्केचाळीस वर्षं पलंगाखालीच आहे. मला वाटलं होतं, स्वतःहून सांगाल. सांगितलं असतंत तर पाट्याचं मी काही बोलले नसते.
फाडण्याचा मुद्दा मांडावासा वाटला नाही.
राधा पाटा दोन्ही हातांनी हलवून पाहत होती. मग तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, ताई, ह्यो तीस किलोचा धोंडा सहा मजले उतरवायला मला जमायचं नाय. आलेच आहे तर टाकी लावून जाते. लिफ्ट चालू झाली की येते न्यायला.
आता ती बाल्कनीत बसली आहे. मी आत येऊन हे लिहितो आहे. टिक् टिक् टिक्. डोळे मिटले आणि सातवं कडवं आठवलं, सबंध. गॅसवर काही नव्हतं.
अण्णाला फोन करून विचारलं, लिफ्ट वीस तारखेला नक्की होणार का, की काही उशीर होण्यासारखा आहे. तो म्हणाला, खुशखबर आहे साहेब, काम लवकर आटोपतंय. सोमवारी चालू.