शेपटीवरचा नंबर

११ जाने., रवि.
मॉडेल विमानाच्या पंखांचा करडा रंग वाळला. दुसरा हात दिल्यावर डाग गेले. आता फक्त डिकल राहिले, पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर आणि खुणा. किटमधल्या शीटवर तीन विमानांचे नंबर आहेत, तिन्ही जुन्या काळातले. हवाई दलाची हल्लीची मालवाहू विमानं अशी दिसत नाहीत. तिरंगी गोल लहान झाला, नंबर शेपटीवर वर सरकला. मला प्रशांतचंच विमान हवं. माझा धाकटा भाऊ ज्यात सामान लादतो, ज्याच्या पोटात बसून तो पार बर्फापर्यंत जातो, ते. १ फेब्रु.ला फुलसावंगीला साखरपुडा, म्हणजे आमचं साक्षगंध, त्याच्या होणाऱ्या बायकोच्या, पल्लवीच्या घरी. त्या दिवशी त्याच्या हातात द्यायचं. खोटा नंबर लावून विमान देण्यापेक्षा स्टीलचा डबा दिलेला बरा.
बायको, मीना, म्हणते, "नंबर कोन पाह्यते जी?" मी पाहतो.

१३ जाने., मंगळ.
प्र.ला नंबर विचारला तर हसला. "तो सांगत नसतात दादा." दुपारी मात्र फोटो पाठवला. शेपटीपाशी उभा, गॉगल, मिशी वाढवलीय पठ्ठ्याने. खाली लिहिलंय : फक्त तुले. कोणाले पाठवू नको.
शेवटचा आकडा नेमका अर्धा त्याच्या डोक्याआड. ३ की ८? दुकानातलं भिंग लावून पाहिलं. गिऱ्हाईक चष्म्यासाठी ताटकळलेलं आणि मी मोबाइलवर भिंग धरून. शेपटीजवळच्या दाराखाली एक लाल पट्टीही आहे, ती शीटवर नाहीच.

१५ जाने., गुरु.
राहवलं नाही. मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. प्र.चं तोंड कापून, नुसती शेपटी. तोंड कापलं म्हणजे त्याचा फोटो राहिला नाही, असा माझा हिशोब. पुण्याचे देवधर, तिथले सगळ्यात जाणकार, लगेच उत्तरले : आठच. लाल पट्टी नवीन दिसते, कुठून मिळवलात हो? मी नुसता हसरा चेहरा पाठवला. छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.
नागपूरच्या डिकल छापणाऱ्याला नंबर, पट्टी आणि माप पाठवून दिलं. एक नासला तर असावा म्हणून दोन संच.

१९ जाने., सोम.
डिकल आले. सुंदर. पट्टीचा लाल तर अगदी तोच. किटच्या शीटमधला एक निकामी तुकडा आधी बोअरच्या पाण्यात भिजवून चिकटवून पाहिला. वाळल्यावर खाली पांढरं साचलं. आपलं पाणी! खरे डिकल फिल्टरच्या पाण्यातच भिजवायचे.
प्र.चा दोन-तीन दिवस फोन नाही. उड्डाणावर असेल.

२१ जाने., बुध.
अनोळखी नंबरवरून प्र. आवाज खाली. "दादा, फोटो कोणाले देल्ला?"
म्हणालो, कापून दिला रे, तुझं तोंड नव्हतं त्यात.
"माह्या तोंडाचं कोन काय करते? मांगं काय उभं होतं, ते पाह्यलं काय तू?"
ग्रुपमधून कोणीतरी उचलून बाहेर टाकला. आता तो सगळीकडे फिरतोय. साहेबांनी याला बोलावलं, याने भावाला पाठवला म्हणून कबूल केलं. मोबाइल जमा, चौकशी सुरू.
फोटो पुन्हा उघडला. शेपटीपलीकडे ताडपत्रीने झाकलेलं काहीतरी. खालून चाकं दिसतायत. काय आहे मला अजून कळत नाही, पण ज्याला कळायला नको त्याला कळत असेल. आठवडाभर भिंगाखाली धरला हा फोटो, आणि एवढं धूड दिसलं नाही. दिवसभर लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणणारा मी. स्वतःची शिसारी आली.

२३ जाने., शुक्र.
फोटो काढून टाकला, ग्रुपमधून बाहेर पडलो. देवधरांचा मेसेज : मी नाही हो टाकला. खरंही असेल. विचारून काय करू?
दुपारी चौकशीसाठी दोघे दुकानात आले, साध्या कपड्यांत. मोबाइल पाहिला, ग्रुपवरची नावं लिहून घेतली. मग म्हणाले, ते विमान दाखवा. दुकान बंद करून त्यांना लोहारा गावात, घरी घेऊन आलो. मीना चहा टाकायला आत गेली ती बाहेर आलीच नाही. त्यांतल्या वयस्काने विमान दोन्ही हातांनी उचललं, उलटं करून पोट पाहिलं.
"नंबर लावला नाई अजून?"
नाही म्हणालो.
"मंग आता लावू बी नका. हे कागद आमी नेतो."
दोन्ही संच गेले. दारात थांबून म्हणाला, "काम मात्र झ्याक केलं भाऊ."

२८ जाने., बुध.
बाबा मारेगावहून आले. प्र.ने त्यांना सांगितलंय की ड्यूटी लागली, सुट्टी नाही, साक्षगंध पुढे ढकला. माझं नाव घेतलं नाही.
बाबा ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "फुलसावंगीवाले इचारून राह्यले, पोराच्या मनात दुसरं काई हाय काय? काहून येत नाई तो?" माझ्याकडेच पाहत होते. मी जेवत राहिलो.
ताटं उचलताना मीना : "तुमी सांगता का मी सांगू?"

३० जाने., शुक्र.
प्र.चा फोन. शेजारी कोणी उभं असावं, तुटक बोलला. चौकशी संपली नाही. पुढे काय, त्यालाही माहीत नाही. "नोकरी राह्यली तं येतो."
मी म्हणालो, फुलसावंगीला जाऊन सांगतो, चूक माझी आहे.
"नको दादा. चौकशी चालू हाय म्हनलं तं पोरगी देतीन काय ते?"
मग तोच म्हणाला, "विमान झालं?"
नंबर राहिलाय, म्हणालो.
"किटातला लाव ना एखांदा."

३१ जाने., शनि.
लावला. तिन्हींतला मधला. फिल्टरचं पाणी, चिमटा, एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. या नंबरचं विमान या रंगात कधी उडालेलं नाही. इतक्या सफाईने चुकीचं काम मी आजवर केलं नव्हतं. कपाटात ठेवून दिलं.
दुपारी दुकानात पल्लवीचा फोन. तिने मला कधी फोन केलेला नाही. "दादा, घरी कोनाले न सांगता करून राह्यली. त्याइले हे नसन करायचं तं तसं सांगा, मले चालन. पन ड्यूटी लागली म्हनून नका सांगू."
समोर गिऱ्हाईक. मी म्हणालो, त्याला करायचं आहे.
"मंग?"
प्र.चं 'नको दादा' कानात होतं. तरी तोंडातून गेलं, उद्या येऊन सांगतो. तिने फोन ठेवला.

१ फेब्रु., रवि.
सकाळी बाबांना सगळं सांगितलं. फोटो, ग्रुप, चौकशी. वाटलं होतं शिव्या देतील. चपला घालून गाडीत जाऊन बसले. मीनाही सोबत निघाली.
फुलसावंगीच्या अलीकडे चहाला थांबलोय, तिथेच हे लिहितो. पल्लवीच्या वडिलांना येतोय एवढंच कळवलंय, कशासाठी ते नाही. प्र.ला तेवढंही नाही. त्याचं लग्न मी वाचवतोय की मोडायला निघालोय, खरंच माहीत नाही.
बाबा आत्ता पहिल्यांदा बोलले. "आधी पोरीले सांगजो. मंग तिच्या बापाले. ती नाई म्हनली तं आपन तसंच वापस."
हो म्हणालो. मीना गाडीत बसली. निघतो.