पुसला गेलेला शेवट

आर्नेस, मॅनिटोबा
शनिवार, ११ फेब्रुवारी २०२३

प्रिय लाकी,

यलोनाइफला उणे अडतीस असल्याचं रेडिओवर ऐकलं, म्हणजे तू नक्कीच टोपी न घालता हिंडत असशील. इकडे उणे चोवीस, पण ऊन लख्ख आहे. माझा गुडघा बरा आहे. वॉल्टरने डॉक्टरांचं ऐकून मीठ सोडलं आणि तेव्हापासून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला सुरुवात केली. एकूण सगळं ठीक चाललंय.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर आपली गाडी हवामान आणि गुडघा यांच्यापुढे सरकत नाही. म्हणून म्हटलं, या वेळी लिहावं.

गेल्या शनिवारी चर्चच्या तळघरात जुन्या सामानाची विक्री होती. कॉफीचं टेबल माझ्याकडे होतं. शेजारच्या खोक्यात सिनेमांच्या डिस्क होत्या, आणि सगळ्यात वर काय असावं? ‘शनीची वाट’! कव्हरवर तेच हिरवं, पोचे पडलेलं ‘कासव’ यान, आणि खिडकीत ती आई आणि दोन पोरं. मी कॉफी ओतत होते, ती थेट लिल्या ओलाफसनच्या बशीत ओतली. ती म्हणाली, “सोल्ला, कप इकडे आहे गं.”

रविवारी रुना आजी-आजोबांकडे, म्हणजे आमच्याकडे होती. सात वर्षांची झाली आता, समोरचे दोन दात पडलेत. जेवणं झाल्यावर तिला घेऊन बसले. सुरू करण्याआधीच तिने विचारलं, “अम्मा, यात काय आहे?” मी सांगितलं, “एक बाप सूर्यापासून फार लांब एकटा राहून दीपगृह सांभाळतो. एक दिवस तो दिवा विझतो. मग आई आणि मुलं जुनं यान घेऊन त्याला शोधायला निघतात.”

“मोठं यान नाही का त्यांच्याकडे?”

“नाही. मोठी यानं मोठ्या लोकांकडे.”

लाकी, किती साधा सिनेमा होता रे तो! शनीची कडी म्हणजे चक्क रंगवलेला पुठ्ठा. यान उलटंपालटं होतं, पण आईच्या केसांची एक बट हलत नाही. रुना म्हणाली, “अम्मा, दोरी दिसतेय.” मी म्हटलं, “दिसू दे. तू कासवाकडे बघ.” आणि खरं सांगते, पाच मिनिटांनी मलाही दोरी दिसेनाशी झाली. मुलगा इंजिनावर हात ठेवून ‘अजून थोडं, म्हातारे’ म्हणतो, तिथे माझ्या तोंडून ते वाक्य त्याच्या आधीच निघालं. वॉल्टर पेपरमागून म्हणाला, “वा! मी काल काय बोललो ते मात्र आठवत नाही हिला.”

मग ते दार आलं. कासव अंधाऱ्या दीपगृहाला लागतं, आई कडी फिरवते, दार उघडतं. आपला सिनेमा तिथे संपायचा. मी एकावन्न वर्षांची झाले... नाही, त्रेपन्न, बघ, वयही चोरायला लागले. तर एवढ्या वर्षांत त्या दारापलीकडे काय होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं.

सांगू? दाराआड कोणीच नाही. बापाला दुसऱ्या एका मोठ्या यानाने आधीच वाचवलेलं असतं. मग एकदम पृथ्वी, बँड, गर्दी, एक सेनापती भाषण करतो, सगळ्यांच्या गळ्यात पदकं. संपलं.

रुना माझ्याकडे बघून म्हणाली, “एवढंच?”

मी तिला तुझा शेवट सांगितला. बाप आत स्टोव्हपाशी बसलेला असतो. मुलं विचारतात, दिवा कसा बिघडला? तो म्हणतो, “बिघडला नाही. मीच विझवला. म्हटलं, अंधार झाला की तुम्ही याल.”

रुना म्हणाली, “हा चांगला आहे. कोणी केला?”

“माझ्या भावाने. तो नऊ वर्षांचा होता तेव्हा.”

“पण त्याला का करावा लागला?”

“आमच्या टेपवरचा शेवट पुसला गेला होता.”

“कोणी पुसला?”

वॉल्टरने पेपर खाली केला. त्याला काही माहीत नव्हतं, नुसता उत्तराची वाट बघत होता. आणि मी म्हटलं, “बिस्किट हवंय का तुला?” सात वर्षांच्या पोरीला मी बिस्किट देऊन गप्प केलं, लाकी. त्यानंतर आठवडाभर मला धड झोप नाही.

तो मी पुसला होता.

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी आपण चर्चला गेलो होतो आणि बाबांनी मशीन लावून तो सिनेमा टेप करून ठेवला होता. नव्या वर्षाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून बघायचा, तोवर कोणी हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. तीस तारखेला आपल्या गावच्या पोरांचा हॉकीचा सामना टीव्हीवर होता, त्यात एइनार खेळत होता. (हसू नकोस. तो आता टक्कल पडून टायर विकतो.) कोरी टेप सापडेना. मला वाटलं, सिनेमा संपल्यावर मागे जागा उरली असेल. अंदाजाने पुढे नेली आणि बटण दाबलं. अंदाज चुकला.

नव्या वर्षाच्या दिवशी दीपगृहाचं दार उघडलं आणि आतून अकरा नंबरचा जर्सीवाला बर्फावर घसरत बाहेर आला. आई हसत सुटली. बाबा हसले नाहीत. “मशीनला कोणी हात लावला?”

आणि मी म्हणाले, “लाकी परवा बटणं दाबत होता.”

तू दाबत होतास हेही खरं, म्हणून तर ते खपलं. तू माझ्याकडे बघितलंस, मग आपल्या हातांकडे. ‘नाही’ सुद्धा म्हणाला नाहीस.

तुझी शिक्षा काय होती ते तुला सांगायला नको. बाबा तुला त्या महिन्यात पहिल्यांदा गोठलेल्या सरोवराच्या बर्फावर, माशांची जाळी काढायला नेणार होते. तुझे नवे बूट दारात तयार होते. ते म्हणाले, “ज्याला बटणाचं भान नाही, त्याला सरोवरावर नेऊन मी काय करू? पुढच्या वर्षी बघू.” आणि मार्चमध्ये त्यांची पाठ गेली. पुढचं वर्ष आलंच नाही.

तुझ्या जागी मी गेले होते. त्या दिवसाचा विषय मी तुझ्यापाशी कधी काढला नाही. आई गेली तेव्हा सांगणार होते, बाबा गेले तेव्हा सांगणार होते. दोन्ही वेळा अंत्यविधीनंतर मी केक कापून लोकांना वाढत राहिले.

डिस्क सोबत पाठवत नाही. तुला वाटलं तर माग.

अडतीस वर्षं उशिरा लिहिणारी,
सोल्ला

* * *

यलोनाइफ
रविवार, ५ मार्च २०२३

सोल्ला,

तुझं पत्र कामावर पोचलं. वाचलं आणि पान्यांच्या खणात टाकलं. पहिल्या दिवशी चिडलो. दुसऱ्या दिवशी जास्त चिडलो. तिसऱ्या दिवशी तुला फोन लावला, वॉल्टरने उचलला आणि मिठाबद्दल वीस मिनिटं बोलला. मी तुझं नावही न काढता फोन ठेवला. त्याने तुला सांगितलं नसणार.

तुला वाटत असेल की मी मुकाट्याने आळ सोसला. तसं नाहीये. मला खरंच वाटत होतं की मीच पुसला. मी ती बटणं दाबली होती, लाल बटणसुद्धा. नऊ वर्षांच्या पोराला पुरावा आणखी कशाला लागतो? तो शेवट मी रचला तो हुशारी म्हणून नव्हे. आई आधी हसली, पण नंतर तिला रडवेली बघितली आणि वाटलं, आपण मोडलंय, आपणच दुरुस्त करायला पाहिजे.

तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट दोनदा बघतो. शेगडी, कुलूप, विमानाचा प्रत्येक बोल्ट. हँगरमधली पोरं मला ‘दोनदा’ म्हणतात: “दोनदा आला का? मग आता उडू या.” एकवीस वर्षं तपासनीस आहे, माझ्या हाताखालून गेलेलं एकही विमान परत न आलेलं नाही. याचं श्रेय घेऊ नकोस, खबरदार. पण सवय कुठून आली हे आता कळलं, आणि कळल्यावर सुटेल असंही वाटत नाही.

आता माझं ऐक. तुझ्यापाशी मीही एक गोष्ट काढली नाही.

बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी आलो होतो, आठवतं? तू दुपारची झोपायला घरी गेलीस आणि मी त्यांच्याजवळ बसलो होतो. ते खिडकीतून सरोवराकडे बघत होते. म्हणाले, “तू माझ्याबरोबर बर्फावर आला होतास ना रे?”

मी म्हटलं, “हो.”

“तुझे बूट नवे होते.”

“हो.”

“थंडी फार होती त्या दिवशी.”

“फार,” मी म्हटलं. मग त्यांनी माझा हात पांघरुणाखाली ओढून घेतला, ऊब द्यायला. तासभर धरून होते.

त्यांना खरं सांगावं असं मला क्षणभरही वाटलं नाही. पण तेव्हापासून मला खटकतंय की मी ज्या दिवसाला ‘हो’ म्हटलं त्याचं मला काही म्हणजे काही माहीत नाही. वारा होता का? जाळ्यात काय आलं? ते बोलले काय? ते तुला माहीत आहे. तुझ्याकडे माझा एक दिवस आहे, सोल्ला.

पत्रात लिहू नकोस. मी अठरा तारखेला येतोय, रजा टाकली. तिकडे जाळी टाकणाऱ्या मुंडीला सांग, बर्फगाडी तयार ठेव. तिथे मला उभं कर आणि तिथेच सांग.

आणि डिस्क ठेव. मला ती पदकं बघायची आहेत.

अजून थोडा चिडलेला,
लाकी

* * *

आर्नेस
सोमवार, २७ मार्च २०२३

प्रिय लाकी,

तू काल पोचल्याचा फोन केलास, हवामान सांगितलंस, गुडघा विचारलास. मीही नेहमीसारखीच बोलले. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, सगळं तोंडावर सांगून झालं तरी एवढं कागदावर राहू दे.

मुंडी म्हणतो, इतकी वर्षं तो जाळी काढतो, पण बर्फातल्या भोकापाशी उभं राहून असं कोणाला बोलताना त्याने पाहिलं नाही. तो मुद्दाम गाडीत जाऊन बसला. इंजिन तपासायचंय म्हणाला, इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. मी तुला सगळं सांगितलं ना रे? वारा वायव्येचा होता ते, तेहतीस पिकरेल मासे निघाले ते, बाबा दातात साखरेचा खडा धरून कॉफी पीत होते ते. आणि परतताना ते म्हणाले, “लाकीला हे आवडलं असतं.” एवढंच म्हणाले. ते वाक्य मी तुझ्यापासून सगळ्यात जास्त लपवलं होतं. बाकीचं सांगून टाकलं असतं कदाचित, पण हे सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं.

तू ऐकलंस आणि हातमोजे काढून जाळं ओढायला लागलास. मी म्हटलं, “वेड्या, बोटं जातील!” तू म्हणालास, “जाऊ देत, दहा आहेत.” मग त्या माशाने तुझ्या तोंडावर शेपटी मारली आणि तू असा हसलास की मुंडी इंजिन सोडून बाहेर आला.

सिनेमाबद्दल मात्र मी तुला कधी माफ करणार नाही. रुना आणि मी दोघी तुझ्या तोंडाकडे बघत बसलो होतो, आता हा नाक मुरडेल म्हणून. आणि तू म्हणालास, “छान आहे की! बँड किती चांगला वाजवतात.” रुना अजून माझ्याशी वाद घालतेय. तिचं म्हणणं, तू सांगितलेला शेवट खरा आणि डिस्कवाल्यांनी चूक केली. तिला तू स्वतः समजावून सांग, जुलैत येशील तेव्हा.

विमानतळावर तुला विचारायचं होतं, माफ केलंस का म्हणून. तुझी बॅग, वॉल्टरची घाई, दारातली थंड हवा, विचारायचं राहून गेलं. नंतर गाडीत बसल्यावर वाटलं, बरं झालं राहिलं. विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास, आणि तू बाबांनाही ‘हो’ म्हणालास हे मला आता माहीत आहे. तुझी घाई नाही. मी कुठे जात नाही.

वॉल्टर हाक मारतोय, सूप अळणी आहे म्हणून. जाते.

जिच्यापाशी तुझं असं आता काही ठेवलेलं नाही,
ती तुझी बहीण,
सोल्ला