बुजवलेल्या भोकाची कबुली

मी, सयाजी तातोबा सूर्यवंशी, वय वर्षे एकसष्ट, निवृत्त हवालदार, पलटणीत बंदुका दुरुस्त करण्याच्या कामावर असलेला, राहणार तासगाव, जिल्हा सांगली, आज दि. ९ नोव्हेंबर १९९८ रोजी राजीखुशीने हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, दारू पीत नाही, कुणाचा दाब नाही. अक्षर डाव्या हाताचं म्हणून वेडंवाकडं आहे. ते का, हे पुढे येईलच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर, मागचा द्राक्षबागेचा तुकडा आणि बेदाण्याची शेड माझ्या पश्चात पत्नी सौ. विजयमाला हिच्या एकटीच्या मालकीची होईल. मुलगी संयोगिता सांगलीत सुखात आहे. तिने आईच्या हयातीत हिस्सा मागू नये.

कलम २. पोस्टातली शिल्लकही विजयमालेचीच. माझं दिवसपाणी साधं करावं, जेवणावळ घालू नये. माझ्या हाताच्या ऑपरेशनला एकही भाऊबंद फिरकला नव्हता. लाडू खायला मात्र सगळे येतील.

कलम ३. कानशी, पाने, ड्रिल, सगळी हत्यारपेटी शेजारी गुंडा बेडगे याला द्यावी. सात वर्षं मी त्याच्याशी धड बोललो नाही. चूक त्याची नव्हती.

कलम ४. आता बंदुकीचं. हे कलम लिहायला मला अख्खा दिवस लागला.

१९९१ च्या मार्चमध्ये बागेत घड पिकले होते आणि साळुंक्या तुटून पडत होत्या. नात सई हिची खेळण्यातली हवेची बंदूक आमच्याकडे राहिली होती. दांडा मागेपुढे करून हवा भरायची, चाप ओढला की स्पंजची गोळी सुटायची. ती मी साळुंक्यांवर झाडली. गोळी दहा पावलांवर पडली. बांधावरून गुंडा ओरडला, "हवालदार, पाखरं गोळ्या येचाय लागली बघा!"

झालं. चोवीस वर्षं पलटणीच्या बंदुका हाताळलेला माणूस मी, मला ते लय झोंबलं. बंदूक खोलली. पंपातलं रबर काढून स्टोव्हच्या पंपाचं चामडी वायसर बसवलं. प्लास्टिकच्या नळीच्या जागी पितळी नळी घातली आणि तिच्या टोकाला डाग देऊन टोपी बसवली. तरीही दहा-बारा झटक्यांनंतर बाजूच्या एका बारीक भोकातून फुस्स करून हवा जायची. गळणारं हत्यार म्हणजे बिघडलेलं हत्यार, हेच मी आयुष्यभर मानत आलेलो. मी एम-सील लावून भोक बुजवलं. जादा हवा निघून जावी म्हणून बनवणाऱ्याने ते मुद्दाम ठेवलं होतं. हे मला नंतर कळलं असं लिहिणार होतो, पण खोटं होईल. बुजवतानाच कळलं होतं.

गोळी विहिरीपलीकडे गेली. मला वाटलं, आता गुंडाला बोलवावं. त्याआधी एकदा आणखी जोर बघू म्हणून मी नळी धरली आणि विजयमाला दांडा मारू लागली.

"आवं, लय जड जातंय. बास करू?"

"मार गं, आणखी पाच मार."

तिने पाच मारले. टोपी उडाली. माझ्या उजव्या हाताची तर्जनी गेली आणि अंगठा कायमचा ताठ झाला.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? विजयमाला शेजारीच उभी होती, पदर रक्ताने भरलेला. मी म्हणालो, "हिनं जादा हवा भरली."

म्हसवडचा सिद्धनाथ तिच्या माहेरचा देव. तिने त्याला बोलून ठेवलं, "ह्यांची मूठ वळंपातूर पायात चप्पल घालणार न्हाई." मूठ कधीच वळणार नाही, हे डॉक्टर मला एकट्याला सांगून गेले होते. तेही मी गिळलं. साडेसात वर्षं ती बाभळीच्या काट्यांतून, एप्रिलच्या फुफाट्यातून अनवाणी फिरते आहे. सकाळी माझ्या शर्टाची बटणं लावते आणि म्हणते, "माझ्या हातानं झालं, माझ्या हातानंच करणार." संध्याकाळी मी डाव्या हाताने तिच्या तळव्यातले काटे काढतो. बघणारे म्हणतात, काय जोडा आहे! मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कलम ५. बंदूक पत्र्याच्या ट्रंकेत आहे, भोकात एम-सील अजून तसंच आहे. ती विजयमालेच्या हातात द्यावी आणि वरचं कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावं. सोबत नवी चप्पल ठेवली आहे. माप न्हाणीबाहेरच्या तिच्या ओल्या पावलावरून घेतलं.

इथवर लिहून मी साक्षीसाठी लालासाहेब शेवाळे याच्याकडे गेलो. आम्ही एका वर्गातले. त्याने वाचलं आणि कागद माझ्या अंगावर टाकला. "तू मेल्यावर चप्पल घालून तिनं कुठं फिरायचं रं? भित्र्या! आदी तिला वाचून दाखव, मग सही माग." मी दोन दिवस घरातच बसून राहिलो.

कलम ६. (दि. १३ रोजी वाढवलेलं.) काल विजयमालेला सगळं वाचून दाखवलं. काटे काढायची सुई घेऊन बंदुकीच्या भोकातलं एम-सील टोकरत बसली. ते निघाल्यावर भोकाकडे बघत म्हणाली, "तवा घाबरून बोललासा, समजलं. दुसऱ्या दिवशी का न्हाई सांगितलंसा? त्येच्या दुसऱ्या दिवशी?"

लाज वाटते, एवढंच लिहितो.

आज सकाळी ती नवी चप्पल घालून सांगलीच्या एस.टी.ने लेकीकडे गेली. कधी येणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. कलम ५ पार पडलं; ती परत येवो न येवो, बाकीच्या कलमांत एका अक्षराचाही फरक होणार नाही.

साक्षीदारांनी एवढी नोंद घ्यावी की सही करताना माझ्या शर्टाची तीन बटणं उघडी होती. मी स्वतः जाऊन साक्षीला बोलावलेला गुंडा लावायला पुढे आला होता, मी लावू दिली नाहीत.

स्थळ : तासगाव
दिनांक : १३ नोव्हेंबर १९९८

सही (डाव्या हाताची) : सयाजी तातोबा सूर्यवंशी

आमच्यासमोर सही केली, बटणं उघडी होती हे खरं :
१. लालासाहेब मारुती शेवाळे
२. गुंडा आप्पा बेडगे